पाकीट न उघडता

आमच्या घरात कोणतीही वस्तू पुन्हा एकदा तोलल्याशिवाय आत येत नसे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दिवसभर मोंढ्यातल्या आणि शहागंजातल्या दुकानांतून ते तराजू तपासत हिंडत, आणि संध्याकाळी घरी आले की तोच तराजू जणू डोळ्यांत घेऊन येत. लोखंडी वजनाच्या तळाशी एक खळगा असतो, त्यात शिसे भरलेले असते आणि त्या शिशावर सरकारी शिक्का उठवलेला असतो. हे मला बाराखडीच्या बरोबरीनेच शिकवले गेले. औरंगपुऱ्यातल्या आमच्या तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात सकाळचा पहिला आवाज पितळी पारड्यांचा असे. दूध मापले जाई, कोथिंबीर सोडून बाकी सगळी भाजी तोलली जाई, गॅसची टाकी हाताने उचलून तिच्यावर मान हलवली जाई. भाजीवाली शकीलाबी पदराने घाम पुसत आईला म्हणायची, "तुमच्या साहेबांचं बरंय भाभी, हवा पण तौलके लेते." आई हसायची आणि अण्णा हसायचे नाहीत. माणूस खोटे बोलतो, शिक्का बोलत नाही, हे त्यांचे घरातले एकमेव सुभाषित होते. मी त्यावर वाढलो. पुढे आयुष्यभर लेखापरीक्षणाची नोकरी केली, ती मला निवडावी लागली नाही, घरातूनच मिळाली.

सुमनआत्या आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी विसाव्या वर्षात होतो आणि वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकत होतो. ती अण्णांची धाकटी बहीण. तिचे यजमान सूतगिरणीत होते. पहिल्या पाळीला सायकलवरून जाताना ट्रकखाली आले. सासर वैजापूरचे, तिथे दीर होते, पण तिथे परत जायची तिची इच्छा नव्हती. मूलबाळ नव्हते. भविष्य निर्वाह निधी, विमा आणि गिरणीने दिलेली रक्कम एवढे तिच्या नावावर होते आणि एक पत्र्याची ट्रंक होती. मधल्या बोळासारख्या खोलीत, पाण्याच्या पिंपांशेजारी, तिची खाट पडली. तिने कधी तक्रार केली नाही. सकाळी येसर घालून आमटी करायची, ज्वारीच्या भाकरी थापायची. तिच्या हातची भाकरी तव्यावरून उतरली की घरातली सगळी माणसे आपोआप स्वयंपाकघराच्या दाराशी यायची. एकदा तिची ट्रंक हलवताना मला तिच्यात एक मोठे, कोरे पितळी कुलूप दिसले. कशाला म्हणून विचारले, तर म्हणाली, "सिडकोत दोन खोल्या घेणार हाय मी. पाच-सात वर्षं लागतील. तवर कुलूप तरी घेऊन ठेवलं." तिच्याकडे घर नव्हते, पण घराचे कुलूप होते. भावाच्या घरात आपण उपऱ्या आहोत असे ती कधी बोलली नाही. हे कुलूपच तेवढे बोलत होते, आणि मला ते ऐकू आले नाही.

तिचे पैसे नीळूकाकांनी सांभाळायला घेतले. नीळकंठराव जिल्हा कोषागारातून निवृत्त झालेले, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहणारे, किडकिडीत, सदा एकाच तपकिरी कोटात दिसणारे गृहस्थ. पंधरा-वीस घरांची बचत ते शेअरमध्ये लावत आणि वर्षानुवर्षे सांभाळत. त्या काळी शेअर म्हणजे कागद. टपालाने येई, कपाटात राही. त्यांच्या कामाची पद्धत विचित्र होती. ते कोणालाही भाव सांगत नसत. भाव म्हणजे दुसऱ्यांच्या डोक्यातला ताप आहे, आपण त्याचे औषध का घ्यायचे, असे म्हणत. आणि एखाद्या कारखान्याचे शेअर घेण्याआधी ज्याचे पैसे त्यालाच सोबत घेऊन त्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसत, पाळी सुटेपर्यंत. मग घरी येऊन त्या माणसाने आपल्या हाताने एका कागदावर लिहायचे, हे शेअर आपण का घेत आहोत. कागद पाकिटात, पाकिटाला खळ, आणि पाकीट नीळूकाकांच्या कपाटात. विकावेसे वाटेल त्या दिवशी आधी पाकीट फोडायचे. लिहिलेले कारण अजून खरे असेल तर विकायचे नाही, मग भाव काही असो. कारण खोटे ठरले असेल तर त्याच दिवशी विकायचे, मग भाव काही असो. तरुणपणी घाबरून सख्ख्या भावाचे शेअर त्यांनी विकून टाकले होते आणि तो भाऊ मरेपर्यंत बोलला नव्हता, तेव्हापासूनची ही रीत, असे ते सांगत. मला ही कहाणी पाठ केलेली वाटे.

त्याहून संशयास्पद गोष्ट म्हणजे ते मोबदला घेत नसत. वर्षातून एकदा ज्याच्या त्याच्या घरी जेवायचे, एवढेच. अण्णांच्या मते फुकट काम करणारा माणूस म्हणजे शिक्का नसलेले वजन. एका मंगळवारी जेवताना त्यांनी हे काहीशा विनोदाने बोलून दाखवले. नीळूकाकांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, तो नीट भिजू दिला आणि मग म्हणाले, "पैसे घेतले की माणसाला दर महिन्याला काहीतरी हालचाल करून दाखवावी लागते, अण्णासाहेब. मला बसून राहता यावं म्हणून मी फुकट हाय." आज इतक्या वर्षांनी, पैशाची व्यवस्था पाहणाऱ्या अनेक हुशार माणसांचे कागद तपासून झाल्यावर, मला या वाक्यात सगळी विद्या दिसते. त्या दिवशी मला त्यात फक्त सफाई दिसली.

नीळूकाकांबरोबर आत्या तीनदा वाळूजकडच्या एका कारखान्याच्या फाटकाशी जाऊन आली. छत्तीस वर्षांची विधवा आणि साठीचा विधुर, दोघे बसने जातात, चहाच्या टपरीवर दोन-दोन तास बसतात. गल्लीत कोणी काही बोलले असेल-नसेल, माझ्या मनात ते बोलणे आधीच तयार होते. तिसऱ्या वेळी मी मित्राची लुना घेऊन त्यांच्या मागे गेलो. रस्त्यापलीकडे टायरच्या दुकानाच्या आडोशाला उभा राहिलो. भोंगा वाजला, फाटक उघडले, माणसांचा लोंढा बाहेर पडला. नीळूकाका बशीतून चहा पीत होते. आत्या बाकावर पुढे वाकून, हनुवटीखाली हात घेऊन बसली होती. मध्येच तिने काहीतरी सांगितले आणि नीळूकाका मोठ्याने हसले, तीही हसली. आमच्या घरी आल्यापासून तिला हसताना मी पाहिले नव्हते, आणि त्याचा मला राग आला. मी ताठ उभा राहून दीड तास त्या दोघांकडे पाहत होतो. ते दोघे कशाकडे पाहत होते, ते मात्र मी पाहिले नाही.

कॉलेजात शिकतो म्हणून मी वर्तमानपत्रातले शेअरचे पान वाचू लागलो होतो. आत्याचे शेअर घेऊन दोन वर्षे होत आली तेव्हा त्या कारखान्याने प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, म्हणजे बोनस, जाहीर केल्याचे मी वाचले. पाच महिने झाले तरी बोनसचा कागद आत्याला आला नाही. नीळूकाकांना विचारले तर म्हणाले, "येईल. कचेरीचा कागद हाय, चालत येतो." त्याच सुमारास बाजार कोसळला आणि त्या शेअरचा भाव निम्म्याखाली गेला. नीळूकाका त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. माझ्या मनात सगळे जुळून आले: कागद त्यांनी गिळला, भाव पडलेला लपवला, पाकिटांचे नाटक लोकांना विकण्यापासून रोखण्यासाठी. मी हे अण्णांना सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेले समाधान होते. मुलगा धंद्याला लागला असे बापाला वाटावे तसे.

अण्णांच्या खात्यात दुकानदार पकडायची एक पद्धत होती. अनोळखी माणसाला गिऱ्हाईक म्हणून पाठवायचे, माल घ्यायला लावायचा आणि मग तो तोलायचा. तसे मला पाठवायचे ठरले. एका दुपारी मी गुलमंडीला गेलो. नीळूकाका पाटावर बसून धोतराला टीप घालत होते. मी सांगितले की माझ्या एका मित्राच्या वडिलांकडे बरीच रक्कम आहे, लवकर दुप्पट व्हायला हवी, कारखान्याच्या फाटकावर वगैरे यायला त्यांना वेळ नाही, आणि तुमचा हिस्सा ते रोख देतील. त्यांनी दोरा दाताने तोडला.

"मित्राचं नाव काय?"

मी नाव सांगितले.

"त्याच्या बापाचं?"

ते मी ठरवून आलो नव्हतो. नीळूकाका रागावले नाहीत. त्यांनी सुई दोऱ्याच्या गुंडीत खोचून ठेवली.

"तुला पैसा नाय लावायचा, प्रदीप. तुला मला धरायचंय. अण्णासाहेबांची चाल हाय, व्हय ना?" मी चपला शोधू लागलो तेव्हा ते म्हणाले, "त्यांना सांग, वजन बरोबर हाय. तराजू धरणाऱ्याचा हात तेवढा हलतोय."

घरी येऊन मी हे जसेच्या तसे सांगितले. अण्णा म्हणाले, ज्याला चाल कळते तो चालू असतो. पुढच्या मंगळवारी ते वर्षाच्या जेवणाला येणार होते; येताना आत्याचे सगळे कागद आणा, असा आम्ही निरोप धाडला. नीळूकाकांनी एका शब्दाचाही वाद न घालता ते आणून दिले, वर ते पाकीट ठेवले आणि म्हणाले की विकण्याआधी एवढे उघडा. ते आत्याकडे पाहून बोलले. आत्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत दाराशी उभी होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. घरात आमटी शिजत होती, येसराचा वास बाहेरच्या पायरीपर्यंत येत होता, आणि ते चप्पल घालून निघून गेले. आईने पाठमोऱ्या माणसाला ऐकू जाईल न जाईल असे "पाणी तरी" म्हटले.

दुसऱ्या दिवशी मी आत्यापुढे शेअर हस्तांतराचा अर्ज ठेवला आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवले. ती म्हणाली, "पाकीट?" मी तिला समजावून सांगितले की ते पाकीट म्हणजे भीती घालायची युक्ती आहे, त्याचा व्यवहाराशी संबंध नाही. तिने माझ्याकडे पाहिले, मग अण्णांकडे, मग ज्या खाटेवर बसली होती त्या खाटेकडे. सही केली. पाकीट उचलून ट्रंकेत, कुलपाच्या खाली ठेवले. ती सही तिने का केली हे समजायला मला वीस वर्षे लागली. दुसऱ्याच्या छपराखाली राहणारे माणूस नाही कसे म्हणेल? आणि जे छप्पर मिळाल्यावर तिला नाही म्हणता आले असते, तेच मी विकत होतो.

पडलेल्या भावात शेअर विकले. आलेले पैसे कुठे ठेवायचे हे अण्णांनी ठरवले. शहरात नव्याने निघालेली एक ठेवी घेणारी कंपनी होती. संगमरवरी जिना, काचेचा दरवाजा, टेबलावर तीन टेलिफोन. ठेवीच्या पावतीवर गोल शिक्का, चौकोनी शिक्का आणि वर उठावाचा, बोटाला लागणारा शिक्का. अण्णांनी ती पावती खिडकीच्या उजेडात धरली, अंगठ्याने तो उठाव चाचपला आणि समाधानाने मान हलवली. तीस वर्षे हजारो वजनांच्या तळाशी ते हेच करत आले होते. ज्या माणसाने आयुष्यात कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, तो तीन शिक्क्यांवर आंधळेपणाने विसंबला. सव्वा वर्षाने त्या काचेच्या दरवाजावर आतून वर्तमानपत्रे चिकटवलेली दिसली. बाहेर शे-दीडशे माणसे उभी होती, सगळ्यांच्या हातात शिक्क्याच्या पावत्या. अण्णा त्यांत उभे राहिले नाहीत. पलीकडच्या फुटपाथवर पावतीची घडी करत बसले.

त्यानंतर काही आठवड्यांनी वैजापूरहून आत्याचे दीर कांद्याची पिशवी घेऊन आले. पिशवीत वर एक लांबट लिफाफा होता, हळदीचे डाग पडलेला. म्हणाले, "वहिनी, तुमच्या नावाचं काय आलंय बघा. लई दिवस झाले, फडताळात राह्यलं." शेअरच्या अर्जावर आत्याने रेशनकार्डावरचा, म्हणजे सासरचा पत्ता दिला होता. बोनसचा कागद चालतच आला होता. वैजापूरला थांबला होता, इतकेच. अण्णांनी तो वाचला, आत्याच्या हातात दिला आणि पारड्यांची पितळी जोडी माळ्यावर ठेवून दिली. ती पुन्हा कधी खाली आली नाही. दूध न मापता घरात येऊ लागले आणि ते दूध कोणालाच गोड लागेना.

मी नीळूकाकांची माफी मागायला गेलो नाही. एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, दूधवाल्याशी भाव करत असल्यासारखा उभा राहिलो आणि परतलो. आत्या मात्र दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे जात असे, ते गेले त्या वर्षापर्यंत. आम्हांला सांगून जात नसे आणि आम्ही विचारत नसू. अण्णाही गेले, आई गेली. मी सिडकोत घर बांधले. ते माझे आहे, आत्याचे नाही. ती माझ्याकडेच राहते. आता तिला स्वतंत्र खोली आहे, खिडकी आहे, आणि खोलीला आतून कडी आहे. तरी ती माझी खोली आहे, हे आम्हां दोघांना ठाऊक आहे.

मागच्या वर्षी तो हळदीच्या डागांचा कागद नव्या पद्धतीप्रमाणे संगणकातल्या खात्यात बदलून घ्यावा लागणार होता. आत्या सत्तरीची आहे, सह्या मीच गोळा केल्या. त्या कामात एका तरुण मुलाने त्या शेअरची आजची किंमत काढून माझ्यापुढे धरली. मध्यंतरी कंपनीने एकेका शेअरचे तुकडे पाडून अनेक शेअर केले होते आणि वर आणखी बोनस आले होते. ती रक्कम मी इथे लिहीत नाही. तिच्यात सिडकोतल्या दोन खोल्या आल्या असत्या आणि वर पुष्कळ उरले असते. आणि ही नुसत्या बोनसच्या कागदाची किंमत होती; तेवढेच शेअर आम्ही तेव्हा विकून टाकले होते. घरी येऊन मी ट्रंक उघडायची परवानगी मागितली. कुलपाखाली ते पाकीट तसेच होते. खळ वाळून पाकीट जवळजवळ आपोआप उघडले. आत वहीचा कागद, आत्याचे मोठे, सुटे अक्षर:

"पगाराच्या दिवशी फाटकावर व्याजानं पैसे देणाऱ्यांचा एकही माणूस नव्हता. तीनदा बघितलं. आमच्या गिरणीच्या फाटकावर दर पगाराला नऊ-दहा उभे असायचे. इथली माणसं सरळ घरी जातात. म्हणून घेतले."

मी ते तिच्यापुढे वाचले. तिने मग सगळे सांगितले. लग्नानंतर ती दर पगाराला गिरणीच्या फाटकाशी उभी राहायची, सावकाराच्या माणसाआधी नवऱ्याचा पगार हाती लागावा म्हणून. पगाराच्या आधी कुठली माणसे येऊन उभी राहतात यावरून गिरणीचे किती दिवस उरले ते तिने ओळखले होते. बाकीच्यांना ते दोन वर्षांनी, टाळे लागल्यावर कळले. हे ऐकून नीळूकाका टपरीवर मोठ्याने हसले होते आणि म्हणाले होते की कोषागारात चाळीस वर्षे बसून मला हे कोणी शिकवले नाही. त्या घरात गुंतवणुकीची खरी जाण असलेले एकच माणूस होते, आणि आम्ही बापलेक तिला एका लबाडापासून वाचवत होतो. माझा संशय नीळूकाकांवर होता असे मी इतकी वर्षे समजत आलो. तो तिच्या अकलेवर होता.

"हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"सही कुठं करायची ते तू बोटानं दाखवलंस," ती म्हणाली. "का घेतले, ते नाय विचारलं."

मी म्हटले की आता विकू, तुझ्या नावाने दोन खोल्या घेऊ, अजूनही घेता येतील. तिने ट्रंकेतले कुलूप काढून मांडीवर घेतले. मग म्हणाली की आधी कारण खरे आहे का ते बघून ये. मी सांगितले, आता पगार थेट खात्यात जातो, फाटकावर कोणी कशाला उभे राहील. "मग दुसरं बघ," ती म्हणाली. "माणसं बाहेर कशी पडत्यात ते बघ."

म्हणून पगाराच्या दिवशी, चौपन्न वर्षांचा मी, वाळूजकडे गेलो. टायरचे दुकान नाही, तिथे मोबाइलचे आहे. टपरी आहे. या खेपेस मी टपरीच्या बाकावर बसलो. भोंगा झाला आणि माणसे बाहेर पडली. हेल्मेटे, डबे, फोन, कोणी कोणाच्या खांद्यावर हात टाकून, दोघी मुली चालता चालता एकच भुट्टा खात. कोणी मागे वळून पाहत नव्हते, कोणी तोंड चुकवून बाजूच्या गल्लीत शिरत नव्हते. मी पुढे वाकून, हनुवटीखाली हात घेऊन, शेवटचा माणूस जाईपर्यंत पाहत राहिलो. कोणाला पकडायचे नसताना माणसांकडे इतका वेळ मी पहिल्यांदाच पाहत होतो.

घरी आलो तेव्हा आत्या दाराशीच खुर्ची टाकून बसली होती.

"कोण होतं फाटकावर?"

"कुणी नव्हतं, आत्या. एक मीच होतो."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. मग वहीचा तो कागद घडीवर घडी घालून पाकिटात सरकवला आणि खळ आणायला सांगितली.

"मग राहू दे," ती म्हणाली. "चल, भाकरी थापते."